घेतलं तेवढं ओतायचं

मी घर सोडलं त्या सकाळी आईने मला बंबात पाणी ओतू दिलं नाही. बाकी त्या सकाळचं बरंच काही मी विसरले आहे. सोडायला कोण कोण आलं होतं, कपाळाला कुंकू कोणी लावलं, गाडीत पुढे कोण बसलं, विचाराल तर धड सांगता येणार नाही. पण मोरीतून ओल्या केसांनी बाहेर आले, सवयीने रिकामी बादली उचलून हौदाकडे वळले आणि आईने ती बादली माझ्या हातातून काढून घेतली, हे मात्र स्वच्छ आठवतं. "राहू दे," ती म्हणाली. "आज नको ओतूस. मी ओतते."

ज्यांच्या घरी जन्मापासून गिझरच आहे त्यांच्यासाठी सांगते. बंब म्हणजे तांब्याचा उभा हंडा. त्याच्या मधोमध एक नळकांडं, त्यात जाळ, आणि जाळाच्या भोवती पाणी. वरच्या तोंडातून गार पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून कढत पाणी घ्यायचं. आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. शेवंती, झेंडू, मधल्या पट्ट्यात मेथी आणि कोथिंबीर. नाना, म्हणजे माझे वडील, पहाटे फुलबाजारात माल टाकून यायचे आणि आल्यावर आधी अंघोळ, मग चहा. त्यामुळे आमच्याकडे चुलीच्या आधी बंब पेटायचा. झेंडूच्या वाळक्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, जे हाताला लागेल ते त्याच्या पोटात.

बंबाचे कायदे दोन होते. नानांचा कायदा असा, की ज्याने पेटवला त्याने जाळ विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. "जाळ लावून उठून जातं का कुणी?" असं ते विचारायचे, आणि त्याला उत्तर द्यायचं नसायचं. आईचा कायदा त्याहून कडक. बादलीभर घेतलं की बादलीभर ओतायचं. कारण भोवती पाणी आहे तोवर जाळाची धग पाणी पितं. पाणी संपलं की तीच धग तांब्याला खाते, झाळलेले सांधे उलतात आणि बंब गळायला लागतो. "घेतलं तेवढं ओत" हे मी लहानपणी जितकं ऐकलं तितकं स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. मोरीची कडी वाजायचा अवकाश, स्वयंपाकघरातून हाळी यायची, "सुवर्णे, ओतलंस का गं?" मी चिडायचे. पाहुण्यांना कोणी असं विचारत नाही, मग मलाच का?

तर त्या सकाळी आईने बादली काढून घेतली आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अंगात नवा ड्रेस होता, पाणी सांडून तो भिजला नाही म्हणून बरं वाटलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. निलेश, माझा नवरा, सिन्नरचा. तिथल्या कारखान्यात मशीनवर होता आणि कॅनडात काम मिळालं म्हणून पुढे गेला होता. मला त्याच्याकडे जायचं होतं आणि घाई झाली होती. निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं. आईने स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मीच बॅगेतून काढून खाटेवर ठेवली. म्हटलं, "तिथे सगळं घर गरम असतं गं." आईने गोधडीची घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, "बरं झालं. नायतरी जुनीच होती."

घर खरंच गरम होतं. अजूनही असतं. तुम्ही जे मागे राहिलात त्यांना मी फोनवर नेहमी बर्फ दाखवते, पण खरी गोष्ट ही की माझं सगळं आयुष्य आता टीशर्टवर चाललेलं आहे. बाहेर काहीही असो, बेसमेंटमध्ये एक फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, धुमसत असते आणि जमिनीतल्या जाळ्यांतून ऊब वर येत राहते. काड्या आणायच्या नाहीत, राख काढायची नाही, डोळ्यांत धूर नाही. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला बोट लावायचं, संपलं. पहिल्या हिवाळ्यात मी जाळीवर पाय ठेवून उभी राहायचे आणि आईची आठवण आली की पाय काढून घ्यायचे. दुसऱ्या हिवाळ्यात पाय काढायचं विसरले.

पुढे नोकरीही त्यातच मिळाली. घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणारी एक कंपनी आहे, तिच्या फोनवर मी बसते. कानाला हेडफोन लावायचा आणि गारठलेल्या लोकांची ओरड ऐकायची. नव्या माणसाला वाटेल, फर्नेस बंद पडली म्हणजे काहीतरी मोडलं. बहुतेक वेळा मोडलेलं काही नसतं. आत जाळाच्या वरच्या अंगाला नाण्याएवढा एक स्विच असतो, लिमिट स्विच म्हणतात त्याला. त्याच्या पोटात दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. म्हणून ठरावीक उष्णता झाली की चकती टक्कन उलटी वळते आणि वायरचा जोड सुटतो. जोड सुटला की गॅस बंद, जाळ बंद. पंखा मात्र चालूच राहतो, कारण आत साठलेली धग बाहेर काढायची असते. यंत्र निवलं की चकती पुन्हा सरळ होते आणि जाळ परत पेटतो. हेच पुन्हा पुन्हा व्हायला लागलं की फर्नेस स्वतःला कुलूप घालते आणि एक बारका दिवा लुकलुकवत बसून राहते.

आणि दर वेळी जाळच जास्त झालेला असतो असं नाही हो. जाळ असतो तेवढाच. धग वाहून न्यायला पुरेशी हवा मिळत नसते. घरातली गार हवा भिंतीतल्या एका मोठ्या जाळीतून फर्नेसकडे परत जाते, तिथे तापते आणि लहान जाळ्यांतून वर येते. ती परतीची वाट अडली, कोणी पुढे सोफा सरकवला, फिल्टर धुळीने भरला, की सगळी धग जागच्या जागी कोंडते. मग स्विच आपलं काम करतो. लोक मला शिव्या घालतात, "मशीन गार हवा फेकतंय, तो स्विच आधी काढून टाका." आपल्याकडचं कोणी असलं तर हमखास विचारतं, "डायरेक्ट नाही का करता येणार?" नाशिकात काहीही बिघडलं की वायरमनला आपण हेच सांगतो ना! मग मला शांत आवाजात समजवावं लागतं, की बाबा रे, तो स्विच तुमचा दुश्मन नाही. घर जळू नये म्हणून तो गप्प बसलाय.

आणखी एक जात असते स्विचची. जाळ भलतीकडे बाहेर आला तर तोडणारा. तो निवला तरी आपण होऊन जुळत नाही. माणसाने समक्ष जायचं, काय झालंय ते बघायचं, मग त्याचं बारीक बटण दाबायचं. फोनवर ते काम होत नाही. हे वाक्य मी रोज म्हणते, आणि ते कोणाला लागू आहे याचा मी अनेक वर्षं विचार केला नाही.

दर दोन-तीन वर्षांनी मी नाशिकला जायचे. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना हे माहीत असेल, आपल्याच घरात आपण कधी पाहुणे होतो ते कळत नाही. मी आईला गिझर बसवून दिला होता. तो आई फक्त मी आल्यावर लावायची. इतर दिवशी त्याच्यावर टॉवेल वाळायचे. "गिझर पाहुण्यांसाठी हाय," असं ती शेजारणीला अगदी सहज सांगायची, आणि मी तिथेच बसलेली असायचे. एकदा हट्टाने बंबाचं पाणी घेतलं. मोरीतून बाहेर आले तर आई बादली भरून आधीच उभी. "राहू दे, तू नको. तुझी सवय गेली." मी राहू दिलं.

मग नाना गेले. मी दहाव्याला पोहोचले. सगळे म्हणाले, एवढ्या लांबून आली पोरगी, आणखी काय करणार. असं म्हटलं की मला कोणीतरी थोबाडीत मारावी असं वाटतं, पण मी मान हलवते. भाऊ नाही, बहीण नाही. मळ्यात आई एकटी आणि शेजारी माझा चुलतभाऊ संपत, तोही अर्धा वेळ औषधांच्या दुकानावर. एका हिवाळ्यात आई घरापुढच्या ओट्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण मला ते कळलं आठवड्याने आणि तेही संपतकडून. त्याच दिवशी मी ठरवलं की आईला कायमची इकडे आणायची. जमीन संपतला वाट्याने करायला द्यायची, घराला कुलूप लावायचं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." हा होकार आहे असं मी धरून चालले. मला तो होकार हवाच होता. अनेक वर्षांचं माझं देणं एकदम फिटणार होतं.

आई आली ती ऐन थंडीत. बॅगेत लोणचं, नागलीचं पीठ, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आणि ती गोधडी. "आता वजनाचं काय नव्हतं," म्हणाली.

मी तिला राणीसारखं ठेवायचं असा चंग बांधला होता. भांडी घासायला उठली की, "राहू दे आई, मशीन आहे." कणीक भिजवायला घेतली की, "राहू दे, तू बस." दाराशी साचलेला बर्फ झाडूने लोटायला निघाली तेव्हा तर मी ओरडलेच. निलेश म्हणायचा, "अगं, करू दे की थोडं. तुझ्या आईने आयुष्यात कधी बसून खाल्लंय का?" मी त्याच्यावर तडकायचे. राग आला की मी आधी बोलते आणि मग विचार करते, हा गुण नानांचा. आई टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसायची. संध्याकाळी देवापुढे निरांजन आणि उदबत्ती लावायची, तेवढंच तिचं काम.

मग एका आठवड्यात थंडी अशी पडली की श्वास घेतला तरी नाक आतून टोचायचं. आमच्या ऑफिसात फोन थांबत नव्हते. मी अंधारात निघायचे, अंधारात परत यायचे, जेवून पडायचे. आईची खोली मागच्या बाजूला, बोळकांडीच्या टोकाला. "जेवलीस का? बरी आहेस ना?" हे मी स्वयंपाकघरातूनच विचारायचे आणि "बरी हाय" हे उत्तर तिथूनच यायचं. दोन दिवस मी त्या बोळकांडीत पाऊल टाकलं नव्हतं. हे मी निलेशला अजून सांगितलेलं नाही, इथे लिहिते आहे.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निलेश मला ऑफिसातून घेऊन आला. घराबाहेरूनच दिसलं, स्वयंपाकघराच्या खिडकीला वाफ धरली होती. दार उघडलं आणि आतली हवा लागली. गार. आमचं घर गार असू शकतं हे माझ्या डोक्यातच शिरेना. आई स्टोव्हपाशी खुर्ची घेऊन बसली होती. अंगात दोन स्वेटर, वरून निलेशचं जाकीट, डोक्याला मफलर. विजेच्या स्टोव्हची वेटोळी लाल झालेली, त्यांच्यावर पातेल्यात पाणी उकळत होतं आणि आईच्या हातात तांब्या होता.

"आई! कधीपासून बसलीस अशी?"

"झालं असंल थोडा वेळ."

"थोडा म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर घंटाभरानं लय गार पडलं. मग पेटवली ही शेगडी. आता पेटवल्यावर उठून कसं जायचं? पाणी आटलं की वतीत होते." आणि तिने माझ्यादेखत तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं.

सकाळपासून. सकाळपासून माझी आई त्या खुर्चीत बसली होती. जाळ लावून उठून जातं का कुणी.

"अगं मग फोन का नाही केलास?" मी किंचाळलेच.

ती ओशाळली. "तुझा फोन बिझी असंल म्हटलं. तुला दिवसभर लोकांचेच फोन. थंडीचे."

मी दिवसभर कोणाकोणाला धीर दिला होता ते मला आठवायला लागलं. एका म्हाताऱ्या बाईला तर माणूस येईपर्यंत ब्लँकेट घ्या, गरम काही प्या, मी पुन्हा फोन करते असं सांगून मी खरंच पुन्हा फोन केला होता. माझ्या आवाजाची तारीफ केली होती तिने. लाज वाटली मला. इतकी, की आईकडे बघवेना.

निलेश बेसमेंटमधून वर आला. "लिमिटवर कट होतंय," म्हणाला. "लॉक होऊन बसलीय. आई गारठल्यात, आजच्यापुरतं डायरेक्ट करून टाकू का? वायरचा तुकडा आहे माझ्याकडे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं.

"काय झालं?" आईने विचारलं. "मोडलं का ते?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचे हात हातात घेतले, ते गार होते. आणि जे मी रोज परक्यांना सांगते ते आयुष्यात पहिल्यांदा आईला सांगितलं. म्हटलं, "खाली आपल्या बंबासारखंच आहे बघ. मधे जाळ. फक्त भोवती पाण्याऐवजी हवा. गार हवा आत जायची, धग घेऊन बाहेर यायची. हवा कमी पडली की लोखंड तापतं. बंब कोरडा पडल्यासारखं. तेव्हा आत एक स्विच आहे, तो जाळ विझवतो. मोडलेलं काही नाही."

"म्हणजे कुणीतरी वतायचं थांबलंय."

"हो. तसंच."

"मग ह्याचं तोंड कुठंय? बंबाला वरून तोंड असतं. ह्याला गार हवा कुठून वतायची?"

"तुझ्या खोलीबाहेर मोठी जाळी आहे ना भिंतीत, खाली..." मी बोलत होते आणि आईचा चेहरा बदलत गेला. ती उठली. बोळकांडीत गेली. मी मागे गेले. जाळीला तिची मोठी बॅग टेकवून उभी केलेली, आणि बॅगेच्या मागे, जाळीवर चारी बाजूंनी दाबून बसवलेली, गोधडी.

मी रोज पहिला प्रश्न हाच विचारते. परतीच्या जाळीपुढे काही ठेवलंय का? दिवसातून इतक्या वेळा, की झोपेतही विचारत असेन. आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं? "आई, अगं हे काय करून ठेवलंस तू!"

ती लहान पोरीसारखी भिंतीला लागून उभी राहिली. "काल सांजंला उदबत्ती ओवाळत फिरत होते," हळूच म्हणाली. "इथं आले तर धूर सगळा आत गेला. सरळ आत. म्हटलं इथून तुझी ऊब बाहेर चाललीय. एवढं मोठं भगदाड आन् कुणाचं ध्यान नाय. म्हणून बुजवलं. मग आणखीच गार वाटायला लागलं, तशी आणखी घट्ट दाबली."

निलेशने बॅग सरकवली, गोधडी काढली, खाली जाऊन फर्नेस बंद करून पुन्हा चालू केली. थोड्या वेळाने जाळीतून ऊब आली. आम्ही तिघं खिचडी जेवलो. आईने निलेशची माफी मागितली. जावयाची माफी! तो बिचारा एवढा गडबडला की उठून ताट धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. आईच्या खोलीत बसले, दोघी चहा पीत. मी म्हटलं, "आई, मी काल ओरडले ते मनावर नको घेऊस."

"ओरडलीस त्याचं काय नाय," ती म्हणाली. "नाना काय कमी ओरडायचे? पण मला एक सांग, मी इथं करते काय? सकाळ झाली की तुझी ऊब घेते, तुझं खाते, तुझ्या मशीनीत माझी लुगडी धुते. हात लावायला गेले की तू म्हणते राहू दे. मी नुसती घेतेय गं. वतत काहीच नाय. म्हटलं निदान ऊब तरी वाचवावी."

ही बाई माझ्या घरात तिचाच कायदा पाळायला बघत होती, आणि मी तिच्या हातातून रोज बादली काढून घेत होते. माया होती हो माझी. पण माझी माया मला हवी तशी होती, जिथल्या तिथे कोंडलेली, आणि तिच्या खोलीपर्यंत काही पोचत नव्हतं. आई मात्र गप्प होती. "बरी हाय" म्हणत एक एक जोड सोडत होती, आणि मी समजत होते की सगळं ठीक चाललंय.

"तुला घरी जायचंय का?" मी विचारलं. खरं सांगते, तिने नाही म्हणावं असं वाटत होतं मला. देवापुढे बसल्यासारखी वाट पाहत होते मी.

तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "शेवंतीच्या फांद्या लावायचे दिवस येतील आता."

मी रडले. ती नाही रडली. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, म्हणजे शेवटी तिथेही तीच ओतत होती.

संपतला फोन केला. त्याने जमीन धरली आहे, पण घरामागची पट्टी आईची. तिथे ती काय लावते हे त्याने विचारायचं नाही, हे ठरलं. सकाळ-संध्याकाळ एकदा डोकावून जायचं, हेही ठरलं. निलेश म्हणाला, "संपतवर टाकून मोकळी नको होऊस." मी म्हटलं, मोकळी होणार नाही, काळजी नको करू. विमानाची दोन तिकिटं काढली, आणि आईला पोचवायला मी स्वतः आले. फोनवर होणारं ते काम नव्हतं.

हे मी नाशिकहून लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे. आई इथे एकटी असेल आणि मी तिथे टीशर्टवर असेन, हे काही बदललेलं नाही. ओट्यावर मी खरबरीत फरशी बसवून घेतली, तेवढ्याने माझी सुटका होत नाही. लोक आता दुसरं बोलतात, आईला नेली आणि परत आणून टाकली. बोलू देत. त्यांच्याहून वाईट मी स्वतःला बोलून झाले आहे. तिला तिथे ठेवलं असतं तरी बोललेच असते. कोणत्याही बाजूने विचार केला तरी माझ्या वाट्याची बादली रिकामीच दिसते. जे माझ्यासारखे बाहेर आहेत त्यांना मी काय सांगणार? जायला तर लागतंच. पण आईबापाच्या हातातलं काम "राहू दे" म्हणून काढून घेऊ नका, एवढं सांगते.

गोधडी या वेळी माझ्या बॅगेत जाणार आहे. वजन झालं तर लोणचं काढीन.

आज सकाळी आई मागच्या पट्टीत वाफे करत होती. मी गिझर लावला नाही. बंबाचं पाणी घेऊन अंघोळ केली. डोळ्यांत धूर गेला, पाणी नको तेवढं कढत झालं, सवय खरंच गेली आहे. मोरीची कडी काढली आणि बाहेर आले, तर आई दारात बादली घेऊन उभी नव्हती. क्षणभर मला कळेना की आता काय करायचं. तेवढ्यात वाफ्यातून, मान वर न करताच, तिची हाळी आली.

"सुवर्णे, ओतलंस का गं?"

किती वर्षांनी विचारलं तिने. पाहुण्यांना कोणी असं विचारत नाही. मी ओरडून सांगितलं, "ओततेय!" आणि ओल्या केसांनी हौदाकडे गेले, बादली काठोकाठ भरली आणि बंबाच्या तोंडात ओतली. आत तापलेलं तांबं चुर्र वाजलं. याही वेळी अंगात नवा ड्रेस होता, तो पार भिजला. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलंय, जिथे मला कोणी हे विचारतं. मी दुसरी बादली भरायला घेतली.